ओआहीच्या तळाखालून

टायोगा हे अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळचं, नॉर्थ डकोटा राज्यातलं छोटं गाव. 2013च्या सप्टेंबरात, गव्हाच्या कापणीच्या दिवसांत, तिथल्या एका शेतकऱ्याला वावरात कच्च्या तेलाचा वास यायला लागला. तो कुठून येतो ते काही दिवस कळेना. 29 सप्टेंबरला त्याच्या कापणीयंत्राची चाकं काळ्या चिकट तेलानं बरबटली, तेव्हा उलगडा झाला. शेताखालून टेसोरो कंपनीची सहा इंच व्यासाची तेलवाहिनी जात होती आणि तिला पाव इंचाचं भोक पडलं होतं. तेवढ्या भोकातून 20,600 बॅरल, म्हणजे जवळपास 33 लाख लिटर तेल जमिनीत मुरलं होतं. कंपनीच्या नियंत्रण कक्षाला त्याचा पत्ताच नव्हता. लोकांपर्यंत बातमी पोहोचायला आणखी अकरा दिवस गेले. पिण्याचं पाणी बाधित झालं नाही, हे नशीब.

शेजारच्या मोंटाना राज्यातल्या ग्लेंडाइव्ह शहराला ते नशीब लाभलं नाही. जानेवारी 2015मध्ये तिथं यलोस्टोन नदीखालची तेलवाहिनी फुटली. इथं गळती लवकर लक्षात आली, वाहिनी बंदही झाली. पण नदी गोठलेली होती. बर्फाच्या जाड थराखाली तेल कुठवर गेलं हे शोधणंच अवघड होतं. शहराच्या नळाच्या पाण्यात बेंझीन सापडलं आणि नागरिकांना काही दिवस बाटल्यांमधलं पाणी वाटावं लागलं. सांडलेल्या तेलातलं बहुतेक तेल परत मिळालंच नाही.

टायोगात यंत्रांना गळती कळली नाही आणि ग्लेंडाइव्हमध्ये कळूनही फार काही करता आलं नाही. मिसुरी नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसांना हे दोन्ही प्रसंग ठाऊक होते. 2016 साली स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशातल्या मूळनिवाशांनी नदीखालून जाणाऱ्या तेलवाहिनीला विरोध केला, तेव्हा त्यांची भीती कल्पनेतली असल्याचं सांगणाऱ्यांनी निदान ही दोन गावं आठवायला हवी होती.

नॉर्थ डकोटाच्या पश्चिम भागात बाकन नावाचा खडकांचा थर आहे. त्यात तेल आहे हे जुनंच ज्ञान; पण ते घट्ट खडकात अडकलेलं असल्यामुळे काढणं परवडत नव्हतं. आडव्या विहिरी खोदून, प्रचंड दाबानं पाणी, वाळू आणि रसायनं सोडून खडक फोडण्याचं तंत्र हाती आलं आणि चित्र पालटलं. 2014मध्ये राज्याचं उत्पादन दिवसाला दहा लाख बॅरलच्या वर गेलं. हे तेल बाहेर न्यायला पुरेशा वाहिन्या नव्हत्या, म्हणून ते रेल्वेनं जाऊ लागलं. त्याचीही किंमत मोजावी लागली: जुलै 2013मध्ये बाकनचं तेल भरलेली मालगाडी कॅनडातल्या लाक-मेगांटिक गावात रुळांवरून घसरून पेटली आणि 47 माणसं मेली. त्यामुळे रेल्वेपेक्षा वाहिनी बरी, हा कंपन्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. ती कोणाच्या दारातून न्यायची, हा खरा प्रश्न होता.

डॅलसच्या एनर्जी ट्रान्स्फर पार्टनर्स या कंपनीनं आखलेली 'डकोटा ॲक्सेस' वाहिनी 1,886 किलोमीटर लांब आहे. बाकनपासून साउथ डकोटा आणि आयोवा पार करून ती इलिनॉयमधल्या पटोका गावी पोहोचते. व्यास 30 इंच, खर्च सुमारे 3.8 अब्ज डॉलर, आणि सुरुवातीची कमाल क्षमता दिवसाला 5,70,000 बॅरल, म्हणजे सुमारे नऊ कोटी लिटर. वाटेत मिसुरी नदी ओलांडावी लागते. 2014मध्ये ज्या मार्गांचा विचार झाला त्यांतला एक राज्याची राजधानी बिस्मार्क हिच्या उत्तरेकडून, शहरापासून साधारण सोळा किलोमीटरवरून जात होता. तो मागे पडला. कारणं कागदावर आहेत: मार्ग लांब पडत होता, वस्तीपासून ठेवायचं अंतर पाळणं कठीण होतं आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या विहिरींचं संरक्षित क्षेत्र वाटेत येत होतं.

मग वाहिनी दक्षिणेकडे सरकली आणि स्टँडिंग रॉक राखीव प्रदेशाच्या सीमेपासून कोसभर अंतरही न ठेवता, मिसुरीवरच्या ओआही जलाशयाच्या तळाखालून जाणार असं ठरलं. बिस्मार्कमध्ये गोऱ्यांची वस्ती नव्वद टक्क्यांच्या आसपास. स्टँडिंग रॉकमध्ये सू लोक, म्हणजे लकोटा आणि डकोटा. त्यांचं पिण्याचं आणि शेतीचं पाणी याच ओआहीतून येतं. शहराच्या विहिरींसाठी जो धोका टाळण्याजोगा ठरला, तो जमातीच्या जलाशयासाठी पत्करण्याजोगा कसा, हा त्यांचा सवाल होता. त्याला सरळ उत्तर त्यांना कधी मिळालं नाही.

सरकारी अहवालात यापेक्षाही बोलका तपशील आहे. नदी ओलांडण्याची परवानगी अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाकडून घ्यावी लागते. प्रकल्पाचा भार गरीब किंवा अल्पसंख्य समाजावर जास्त पडतो का, हे तपासणं दलाला बंधनकारक होतं. त्यासाठी दलानं नदी ओलांडण्याच्या जागेभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ धरलं. राखीव प्रदेशाची सीमा 0.55 मैलावर आहे. जेमतेम ऐंशी मीटरच्या फरकानं स्टँडिंग रॉक त्या वर्तुळाच्या बाहेर राहिलं, आणि या समाजावर विषम भार पडत नाही असा निष्कर्ष निघाला. तेल सांडलं तर ते प्रवाहाबरोबर खाली जाणार, आणि खालच्या अंगाला राहणारे लोक हेच. पुढं न्यायालयानंही दलाच्या या हिशेबावर बोट ठेवलं.

ओआही जलाशयाचीही एक कथा आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या कोणत्याही धरणग्रस्ताला परकी वाटणार नाही. 1944 साली मिसुरीवर धरणांची मोठी योजना मंजूर झाली. त्यातलं ओआही धरण 1948 ते 1962 या काळात याच अभियंता दलानं बांधलं. स्टँडिंग रॉकची सुमारे 56,000 एकर आणि शेजारच्या शायेन रिव्हर राखीव प्रदेशाची एक लाखाहून अधिक एकर जमीन पाण्याखाली गेली. बुडाली ती सगळ्यांत चांगली जमीन होती: नदीकाठची गाळाची शेतं, कॉटनवूडची जंगलं, सरपण, रानफळं, औषधी वनस्पती आणि गुरांचा हिवाळी आडोसा. लोकांना उघड्या माळावर हलवलं गेलं, आणि कित्येकांना 1960च्या जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत घरं सोडावी लागली. ज्या पाण्यानं आपलं गाव गिळलं त्याच पाण्यावर जगायचं त्यांच्या नशिबी आलं, आणि आता त्याच पाण्याखालून तेल जाणार होतं.

त्याच्या मागं आणखी शंभर वर्षं जावं लागतं. 1851च्या फोर्ट लॅरामी करारात अमेरिकी सरकारनं सू राष्ट्राची म्हणून मान्य केलेली जमीन आजच्या राखीव प्रदेशाच्या कितीतरी बाहेरपर्यंत पसरली होती. वाहिनीचा वादग्रस्त तुकडा तिच्यातच येतो. 1868ला दुसरा करार झाला. मग सू प्रदेशातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांत सोनं सापडलं आणि करार मोडला गेला. 1980 साली सर्वोच्च न्यायालयानं ब्लॅक हिल्स बळकावल्याचं मान्य करून 10 कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. सू राष्ट्रानं ती आजवर घेतलेली नाही. व्याजासह ती रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढं गेली आहे आणि अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांमध्ये राहणारी माणसं तिला हात लावत नाहीत, कारण त्यांना जमीन हवी आहे. स्टँडिंग रॉकमध्ये उतरलेल्या लोकांचा पीळ समजून घ्यायचा तर हा नकार लक्षात ठेवावा लागतो.

कॅननबॉल नदी मिसुरीला मिळते तिथं लाडोना ब्रेव्ह बुल अलार्ड यांची जमीन होती. त्या जमातीच्या इतिहासकार. या संगमावर पूर्वी भोवरे असत आणि त्यांत घासून घासून गोल गरगरीत दगड तयार होत. धरणाच्या कामात अभियंता दलानं नदीचं मुख उपसलं, भोवरे गेले आणि दगडही तयार होईनासे झाले. याच जागी अलार्ड यांच्या मुलाची कबर होती. 1 एप्रिल 2016 रोजी त्यांनी आपल्या जमिनीवर 'सेक्रेड स्टोन' नावाची छावणी उभारू दिली. तेव्हा तिथं मोजकीच माणसं होती.

चळवळीला पाय फुटले ते तरुणांमुळे, आणि ते अक्षरशः धावत निघाले. शायेन रिव्हरमध्ये तरुणांच्या आत्महत्यांची लाट आली होती. एकमेकांना जगवण्यासाठी तिथल्या मुलामुलींनी 'वन माइंड यूथ मूव्हमेंट' नावाचा गट काढला होता. जॅसिलिन चार्जर ही त्यातली एक. स्टँडिंग रॉकची बॉबी जीन थ्री लेग्ज ही तरुण आई आणि हे तरुण एकत्र आले. एप्रिलमध्ये त्यांनी नेब्रास्कातल्या ओमाहा शहरापर्यंत, अभियंता दलाच्या कार्यालयापर्यंत, सुमारे 800 किलोमीटरची दौड केली. उन्हाळ्यात ते आणखी लांब, थेट राजधानी वॉशिंग्टनपर्यंत धावले आणि सह्यांचं निवेदन घेऊन पोहोचले. वाटेत लागलेल्या प्रत्येक राखीव प्रदेशात बातमी गेली. जी मुलं वर्षभरापूर्वी मित्रांच्या अंत्यविधीला जात होती, ती आता देशभरातल्या जमातींना संगमावर बोलावत होती. या आंदोलनाचं श्रेय वाटायचं तर पहिला वाटा यांचा.

इकडं 25 जुलै 2016 रोजी दलानं परवानगी दिली आणि दोनच दिवसांत जमातीनं वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात दावा लावला. 'हे लोक उशिरा जागे झाले' असं कंपनी म्हणत राहिली. पण 30 सप्टेंबर 2014 रोजी कंपनीचे प्रतिनिधी जमातीच्या परिषदेसमोर आले होते आणि परिषदेनं त्यांना विरोध स्पष्ट सांगितला होता. त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. कायद्याची अडचण वेगळी होती. वाहिनी जवळजवळ सगळी खासगी जमिनीतून जाते. संघीय परवानगी लागते ती जेमतेम तीन टक्के लांबीला. ओढेनाले ओलांडण्याच्या जागा एका सरसकट परवान्याखाली सुट्या सुट्या मोजल्या जातात. त्यामुळे अख्ख्या वाहिनीचा एकत्रित पर्यावरण अभ्यास कोणालाच करावा लागला नाही.

2 सप्टेंबर, शुक्रवार. जमातीचे माजी वारसा संरक्षण अधिकारी टिम मेंट्झ यांनी वाहिनीच्या वाटेतल्या कबरी आणि दगडी वर्तुळं यांची नोंद न्यायालयात सादर केली. पुढं सोमवारची कामगार दिनाची सुट्टी धरून तीन दिवस न्यायालय बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी बुलडोझर नेमके त्याच पट्ट्यावर आले. अडवायला धावलेल्या लोकांवर खासगी सुरक्षारक्षकांनी कुत्रे सोडले, मिरपुडीचे फवारे मारले. 'डेमोक्रसी नाऊ'च्या पत्रकार एमी गुडमन तिथं चित्रीकरण करत होत्या. कुत्र्याच्या तोंडाला लागलेलं रक्त जगानं पाहिलं. गुडमन यांच्यावरच अटक वॉरंट निघालं, पण न्यायाधीशांनी आरोप फेटाळले. राज्याच्या पुरातत्त्व विभागानं नंतर पाहणी करून तिथं मानवी अवशेष सापडले नसल्याचं सांगितलं. जमातीला ते पटलं नाही, कारण पाहणी खोदकामानंतर झाली होती. अलार्ड यांनी त्या तारखेकडे लक्ष वेधलं. 3 सप्टेंबर 1863 रोजी व्हाइटस्टोन हिल इथं अमेरिकी सैन्यानं सू लोकांची कत्तल केली होती. त्यात गोळी लागूनही वाचलेली नऊ वर्षांची मुलगी ही अलार्ड यांची खापरपणजी.

त्यानंतर छावणी फुगत गेली. तीनशेहून अधिक मूळनिवासी राष्ट्रांचे ध्वज तिथं रांगेत लागले. स्वयंपाकघरं, दवाखाना, मुलांची शाळा, सरपणाचे ढीग, कडाक्याच्या हिवाळ्याची तयारी. शस्त्र आणि दारू यांना बंदी होती. लोक स्वतःला आंदोलक म्हणवून न घेता पाण्याचे रक्षक म्हणवत आणि दिवसाची सुरुवात नदीवर प्रार्थनेनं होई. जमातीचे अध्यक्ष डेव्ह आर्चम्बॉल्ट यांनी जिनिव्हाला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेपुढं बाजू मांडली.

9 सप्टेंबरला न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी काम थांबवायला नकार दिला आणि थोड्याच वेळात ओबामा सरकारच्या तीन खात्यांनी जलाशयाखालचं काम तूर्त थांबवत असल्याचं जाहीर केलं. जमिनीवरचं काम मात्र पुढं सरकत राहिलं. 27 ऑक्टोबरला पोलिसांनी वाहिनीच्या वाटेतली छावणी उठवून 140हून अधिक लोकांना अटक केली. 20 नोव्हेंबरच्या रात्री, तापमान शून्याखाली असताना, पुलावर अडलेल्या जमावावर पाण्याचे जोरदार फवारे, रबरी गोळ्या आणि अश्रुधूर यांचा मारा झाला. त्या थंडीत माणसाला भिजवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. शेकडो जखमी झाल्याचं छावणीतल्या वैद्यकीय पथकानं सांगितलं. फेब्रुवारीपर्यंत अटकांचा आकडा 761वर गेला होता. टायगरस्वान या खासगी सुरक्षा कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत या प्रार्थना करणाऱ्या माणसांची तुलना जिहादी बंडखोरांशी केलेली होती. 2017मध्ये 'द इंटरसेप्ट'नं ती कागदपत्रं उजेडात आणली.

डिसेंबरच्या सुरुवातीला हजारो माजी सैनिक छावणीत दाखल झाले. 4 तारखेला लष्कराच्या सहायक सचिव जो-एलन डार्सी यांनी जाहीर केलं की जलाशयाखालून जायची परवानगी देता येणार नाही. पर्यायी मार्गांचा विचार व्हायला हवा. छावणीत ढोल वाजले, माणसं रडली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, छावणीपासून सुमारे 240 किलोमीटरवर, बेल फूर्श कंपनीच्या तेलवाहिनीची गळती उघड झाली. तेल ॲश कूली नावाच्या ओढ्यात उतरलं होतं. कंपनीच्या यंत्रांना ती कळली नाही; एका जमीनमालकाच्या नजरेला पडली. सुरुवातीला 1,76,000 गॅलन सांगितलेला आकडा नंतर 5,29,000 गॅलनवर, म्हणजे 20 लाख लिटरवर गेला.

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प सत्तेवर आले आणि 24 जानेवारी 2017 रोजी त्यांनी काम वेगानं पुरं करण्याचा आदेश दिला. 8 फेब्रुवारीला परवानगी मिळाली. पर्यायांचा सुरू झालेला सविस्तर अभ्यास गुंडाळला गेला. 23 फेब्रुवारीपर्यंत मुख्य छावणी रिकामी केली गेली आणि 1 जूनला वाहिनीतून व्यापारी वाहतूक सुरू झाली.

बऱ्याच जणांच्या आठवणीत ही कथा इथंच संपते. खरं तर जमातीचे सर्वांत मोठे विजय यानंतरचे आहेत. तेल सुरू होऊन दोन आठवडे झाले असताना, 2016च्या सप्टेंबरात जमातीला नकार देणाऱ्या त्याच बोसबर्ग यांनी ठरवलं की तेल सांडल्यास मासेमारी, शिकार आणि या समाजावर काय परिणाम होईल याचा दलानं पुरेसा विचार केलेला नाही. मार्च 2020मध्ये त्यांनी संपूर्ण पर्यावरण अहवाल तयार करण्याचा आदेश दिला. त्यामागचा एक मुद्दा प्रत्येकानं समजून घ्यावा असा आहे. वाहिनीतल्या प्रवाहाच्या एक टक्का किंवा त्याहून कमी गळती ओळखण्यासाठी या वाहिनीची गळतीशोधक यंत्रणा बनवलेलीच नाही. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. दिवसाला 5,70,000 बॅरलच्या प्रवाहात तो 5,700 बॅरल होतो, म्हणजे दररोज नऊ लाख लिटर. इतकं तेल जलाशयाखाली, हिवाळ्यात बर्फाखाली, गुपचूप झिरपू शकतं आणि पडद्यावर काहीही दिसणार नाही. टायोगातला शेतकरी निदान वास घेऊ शकत होता.

जुलै 2020मध्ये बोसबर्ग यांनी परवानगी रद्द केली आणि वाहिनी रिकामी करायला सांगितलं. जानेवारी 2021मध्ये वरच्या न्यायालयानं परवानगी रद्द झाल्याचं कायम ठेवलं, अहवालही आवश्यक ठरवला. पण वाहिनी बंद करण्याचा आदेश मात्र उठवला. फेब्रुवारी 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीची याचिका ऐकायला नकार दिला. अशा रीतीनं बेकायदा ठरलेल्या परवानगीवर आधारलेली वाहिनी सरकारी जमिनीखालून तेल नेत राहिली. मधल्या काळात तिची क्षमता दिवसाला साडेसात लाख बॅरलपर्यंत वाढली.

किंमत दोन्ही बाजूंनी मोजली, पण सारखी नाही. सिएटल शहरानं कंपनीला कर्ज देणाऱ्या वेल्स फार्गो बँकेशी व्यवहार तोडायचा ठराव केला. काही युरोपीय बँकांनी आपला कर्जातला हिस्सा विकला. दुसरीकडं डझनाहून अधिक राज्यांनी तेलवाहिन्यांसारख्या प्रकल्पांजवळच्या निदर्शनांवर कडक शिक्षा लावणारे कायदे केले. मार्च 2025मध्ये नॉर्थ डकोटातल्या मँडन इथल्या ज्युरीनं ग्रीनपीस संघटनेला कंपनीच्या दाव्यात 66 कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं. ऑक्टोबरात न्यायाधीशांनी ती रक्कम जवळपास निम्मी केली. मूळनिवाशांनी उभारलेल्या लढ्याचं कर्तेपण एका गोऱ्या, शहरी संघटनेच्या माथी मारणारा हा दावा स्टँडिंग रॉकच्या लोकांवरही अन्याय करणारा आहे. धावत ओमाहाला गेलेल्या मुलांना कोणी भाड्यानं आणलं नव्हतं.

लाडोना अलार्ड एप्रिल 2021मध्ये वारल्या. अभियंता दलाच्या पर्यावरण अहवालाचा मसुदा सप्टेंबर 2023मध्ये प्रसिद्ध झाला, जलाशयाखालून तेल वाहू लागल्यानंतर सहा वर्षांनी. त्यात पाच पर्याय मांडले होते आणि कोणता योग्य हे दलानं सांगितलं नव्हतं. पाचव्या पर्यायात वाहिनी बिस्मार्कच्या उत्तरेकडून वळवायची होती.